शिल्लक जुळते

२१ ऑगस्ट

आज मला पालक-शिक्षक संघाची खजिनदार केलं. 'निवडलं' असं लिहिणार होते, पण ते खरं होणार नाही. जागा फेब्रुवारीपासून रिकामी होती. अध्यक्षांनी सभेत पुन्हा पुन्हा विचारलं, "कोण घेतं?" आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना मोबाइलमध्ये काहीतरी तातडीचं दिसलं. अध्यक्षांचं टायरचं दुकान आहे, म्हणून त्यांना सगळे टायरवालेच म्हणतात. मी फक्त एवढंच विचारलं, की मागे घेतलेल्या पुठ्ठ्यांचं बिल कुठे आहे. टायरवाले एकदम उजळले. "सापडल्या! ज्यांना बिल आठवतं, त्याच आपल्या खजिनदार." टाळ्या. मला नाही म्हणता आलं नाही. मला ते कुणालाच म्हणता येत नाही हे घरात माहीत होतं, आता शाळेलाही कळलं.

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. आई माझं नाव अजून चित्रासारखं ओळखते. ते शाळेच्या बोर्डावर लागणार म्हटल्यावर तिने विचारलं, "चूक झाली तर पुसता येतं ना?"

"फळा नाही गं, बोर्ड आहे. छापून लावतात."

"मग जपून, बाई."

ही वही घरची आहे. संघाच्या वहीत असलं काही लिहिता येणार नाही.

२४ ऑगस्ट

जिन्याखालची खोली ताब्यात घेतली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी टायरवाल्यांकडे. माझं काम जवळच आहे, म्हणून मधल्या सुट्टीत येऊन मी खोली उघडायची असं ठरलं.

पद्धत साधी आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालक निधी देतात. त्यातून खडू, पुठ्ठे, चित्रकलेचे कागद, डिंक, रंग वगैरे घाऊक आणून या खोलीत ठेवायचं. शिक्षकांनी लागेल ते न्यायचं आणि नेलेल्या वस्तूंची चिठ्ठी दाराजवळच्या डब्यात टाकायची. सहामाहीला मोजायचं. आणलेल्यातून चिठ्ठ्यांवरचं वजा केलं, की फळीवर तेवढंच उरायला हवं. मग खजिनदाराने सभेत उभं राहून म्हणायचं, "शिल्लक जुळते." हे शब्द ठरलेले आहेत. जुळत नाही असं या शाळेत कुणी कधी म्हटलेलं नाही.

माझ्या आधीच्या बाई शिवणकाम करायच्या. सहा वर्षं खजिनदार होत्या आणि सहा वर्षं त्यांचा हिशेब पैशापर्यंत जुळला. यंदा फेब्रुवारीत त्या अचानक गेल्या. मार्चमध्ये टायरवाल्यांनी मोजलं, तर बरीच मोठी तूट निघाली. इतकी वर्षं सरळ चाललेल्या माणसाला शेवटीच मोह का व्हावा? मला याचंच वाईट वाटतं.

खोलीभर त्यांचं अक्षर आहे. 'वरचे खडू आधी संपवा.' 'हा खोका ओढू नये, तळ गेला आहे.' 'कात्र्या मोजून द्या, मोजून घ्या.' दाराच्या आतल्या बाजूला, जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा, एकच शब्द: 'चिठ्ठी?' खुर्चीवर चिंध्या जोडून केलेली उशी आहे. शिलाई मशीनच्या तेलाचा वास अजून येतो. खिडकी नाही, म्हणून कोंडला असेल.

उशीवर बसले नाही. बाजूला ठेवली.

२ सप्टेंबर

शाळा सुटताना एक गृहस्थ आले. पाण्याचे मीटर वाचायचं काम करतात, खांद्याला ती पिशवी तशीच होती. शिवणवाल्या बाईंचे यजमान. तूट हप्त्याहप्त्याने भरताहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"पावती तिच्या नावाने करा, ताई."

"भरताय तुम्ही ना?"

"देणं तिचं म्हणतात ना." मग म्हणाले, "तिने घेतले नसतील. पण घेतले असतील तर राहायला नकोत. मुलगी इथेच आहे, सातवीत."

नाव नीट विचारून घेतलं, कार्बन सरळ लावला. माझी पहिली पावती. अक्षर चांगलं आलं.

१९ सप्टेंबर

चिठ्ठ्यांचा डबा जवळपास रिकामा आहे आणि फळ्या मात्र खाली होताहेत. आज दुसरीच्या बाईंना विचारलं. माझी मुलगी, आमची मुंगी, त्यांच्याच वर्गात आहे, म्हणून आधीच दडपण.

त्या म्हणाल्या, "अहो ताई, एवढी पोरं तोंडावर उभी असतात. एकाचं नाक वाहतंय, एकीचा डबा सांडलाय. चिठ्ठी लिहू कधी? मी काय खडू घरी नेऊन भाजीत घालते?"

"तसं नाही हो, बाई."

"लिहीन. आठवलं की लिहीन."

चित्रकलेचे सर तर हसले. "तुम्ही नव्या आहात. सगळं होतं बरोबर शेवटी. दरवर्षी होतं."

हे ऐकून बरं वाटलं. सगळ्यांचा पद्धतीवर विश्वास आहे, मीच उगाच घाबरते.

८ ऑक्टोबर

मोजलं. जुळत नाही.

पुन्हा मोजलं, खोके खाली काढून. मोजताना सारखं वाटत होतं, मागे कुणीतरी उभं आहे आणि ओठ न हलवता माझ्याबरोबर मोजतंय. वळून पाहिलं तर दार, आणि दारावर 'चिठ्ठी?'

सगळ्यात भयंकर हे, की तूट जवळजवळ तेवढीच आहे. शिवणवाल्या बाईंच्या नावावर जेवढी लागली, तेवढीच. एवढा योगायोग कसा होईल? घरी येऊन आईला सांगितलं. ती कांदा चिरत होती, सुरी तशीच हातात धरून म्हणाली, "गेल्यावरही हाताची सवय जात नसेल तिची."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठे बोलले? तूच सांगतेस, तेवढंच जातंय म्हणून."

हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

११ ऑक्टोबर

दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतली. (डोळ्यांच्या दवाखान्यात मी पेशंटांचे नंबर लावून देते.) तीन बस बदलून लांबच्या एका स्टेशनरीच्या दुकानात गेले. जवळच्या दुकानदाराने ओळखलं असतं. खडू, पुठ्ठे, डिंक, कागदाच्या गड्ड्या, कमी होतं ते सगळं घेतलं, माझ्या पगारातून. दुकानदाराने बिल करायला घेतलं तेव्हा मी म्हटलं, "नको." बिल घेतलं असतं तर ते लावलं कुठे असतं? संघाला लावता येत नाही, आणि माझ्या नावाने ठेवलं तर कुणीही विचारेल, हिने का भरले.

बिल नको असं मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं. कानशिलं गरम झाली.

सामान दुपारी खोलीत ठेवलं. मुलं वर्गात होती, जिन्यावर कुणी नव्हतं. फळीवर रचताना हात असे चालत होते, जणू त्यांना हे काम पूर्वीपासून येत होतं. वरचे खडू वर, जड खोके खाली. काम झाल्यावर पाहिलं तर मी उशीवर बसले होते.

फक्त या वेळेपुरतं. पुढच्या सहामाहीत चिठ्ठ्या नीट घेईन.

१४ ऑक्टोबर

सहामाही सभा झाली. उभी राहिले. म्हटलं, "शिल्लक जुळते." जोरात टाळ्या. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "अशी माणसं हवीत." टायरवाले म्हणाले, "हिशेब टायरसारखा असतो, हवा सगळीकडे सारखी पाहिजे. मागचा अनुभव बघता तर..." आणि त्यांनी वाक्य तसंच सोडलं.

मागच्या बाकावर मीटरवाले होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. नंतर बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसले.

आईने बोर्डावरच्या माझ्या नावाला हात लावला म्हणे. शिपाई ओरडला, "आजी, काच आहे, डाग पडतो."

४ नोव्हेंबर

मीटरवाल्यांचा हप्ता. पावती दिली. ते म्हणाले, "तुमचं जुळलं, ताई. बरं झालं." हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. हेवा नव्हता एवढं नक्की.

९ डिसेंबर

पुन्हा तेच. मधल्या सुट्टीत एक मुलगी येते, "बाईंनी पुठ्ठे मागितलेत, चिठ्ठी नंतर देतील म्हणाल्या." तिला नाही कसं म्हणू? वर्ग थांबेल. पुठ्ठे गेले. चिठ्ठी आली नाही.

मी महिन्याच्या महिन्याला थोडं थोडं आणून ठेवते आता, म्हणजे मार्चमध्ये एकदम जड जाणार नाही. आईचा चष्मा पुढे ढकलला. आमच्याच दवाखान्यात तिचा नंबर काढून ठेवलाय, फ्रेमही ठरली होती. आई म्हणते, "मला काय बघायचंय? रोजचीच तोंडं." काल तिने साखर समजून मीठ घातलं चहात. मुंगी खो-खो हसली. मी तो चहा पूर्ण प्यायले.

नवरा ट्रकवर असतो, पंधरवड्याने येतो. त्याला यातलं काही सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर

आज मी त्या खोलीत मोठ्याने बोलले. रंगांचे खोके पुन्हा कमी दिसले आणि माझा तोल गेला. म्हटलं, "तुम्हाला कशाला हवेत हो पोरांचे रंग? बस करा ना आता. माझा पगार जातोय." बोलल्यावर अंगावर काटा आला. तेलाचा वास एकदम दाट झाला. मी दार उघडं टाकून बाहेर आले आणि मग कुलूप लावायला परत जायचं धैर्य होईना. शेवटी चित्रकलेच्या सरांना म्हटलं, किल्ली अडकते आहे, जरा बघता का. त्यांनी सहज लावलं. "तेल घाला," म्हणाले.

१२ फेब्रुवारी

ताप. आज पहिल्यांदा उठून बसले. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसापर्यंत गेलं होतं. बरेच दिवस गेले, किती ते आईला विचारायला हवं. या महिन्याचं सामान आणायचं राहिलंय.

१३ फेब्रुवारी

टायरवाल्यांचा फोन. सातवीच्या प्रदर्शनाला पुठ्ठे हवे होते, म्हणून त्यांनी त्यांच्या किल्लीने खोली उघडली. आणि उघडलीच आहे म्हणून मोजलं.

"घाबरू नका, ताई. आधी ठणठणीत व्हा. जरा फरक दिसतोय, एवढंच." मग आवाज खाली आणून, "मागच्यासारखं व्हायला नको. मी कुणाला बोललो नाही."

आई माझं कपाळ चेपत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कोण गं? गार पडलीस एकदम."

१४ फेब्रुवारी

या आजारात मी मेले असते, तर मी चोर ठरले असते.

१५ फेब्रुवारी

काल एका ओळीपलीकडे लिहवलं नाही. आज लिहिते.

त्या बाई मागच्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या. मोजणी मार्चमध्ये असते. म्हणजे त्या वेळचं भरायचं राहून गेलं. सहा वर्षं हिशेब जुळत होता, कारण त्या भरत होत्या. त्यांनी काही नेलं नव्हतं. माझ्यासारखंच, बिल नको म्हणून, कुठल्या तरी लांबच्या दुकानातून आणून त्या ठेवत होत्या. तूट दरवेळी तेवढीच येते, कारण वर्ग तेवढेच आहेत आणि पोरंही तेवढीच. खडू फळ्यावर झिजतात, दुसरं काय होणार?

आणि मी त्यांना म्हटलं, बस करा, माझा पगार जातोय. त्यांच्या नवऱ्याकडून दर महिन्याला पैसे घेतले आणि सुंदर अक्षरात पावत्या दिल्या.

पुरावा काही नाही. पुरावा एकच, की मीसुद्धा तेच केलं. तो द्यायचा तर सभेत उभं राहून सांगावं लागेल, की ऑक्टोबरमध्ये मी म्हटलेलं खोटं होतं. मग त्या बाईंवरचं बालंट माझ्यावर येईल. त्या तरी मेलेल्या आहेत. मला रोज मुंगीला त्या फाटकातून सोडायचंय.

६ मार्च

टायरवाल्यांनी वार्षिक अहवाल छापून आणून दिला, सहीसाठी. त्यात हे आहे: 'मागील तूट दिवंगत खजिनदारांच्या गैरव्यवहारामुळे झाली असून उर्वरित रक्कम संघ मोठ्या मनाने सोडून देत आहे.' खाली माझं नाव आणि सहीची रेघ.

मी म्हटलं, "गैरव्यवहार हा शब्द..."

"मग काय लिहू? उंदरांनी खाल्लं? अहो, आपण वसुली सोडतोय, ताई. चांगलंच करतोय त्यांचं." मग हसून, "आणि तुमची मोजणी सभेच्या आधी जुळेल ना? जुळली, की मी फेब्रुवारीत काही पाहिलंच नाही."

माणूस वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की तो मला वाचवतोय.

आईला सगळं सांगितलं, आज पहिल्यांदाच. ती म्हणाली, "भर आणि मोकळी हो. गेलेल्या बाईला आता काय फरक पडतो? तुझं नाव आहे तिथे." एवढं बोलून माझ्याकडे बघेना. मला राग आला नाही. तिने आयुष्यभर कुणाच्या तोंडी लागायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर आम्हाला वाढवलं.

१० मार्च

मीटरवाले हप्ता घेऊन आले. मला पेन उचलवेना. म्हटलं, "राहू द्या, दादा."

"कमी पडतात का? पुढच्या पगाराला..."

"कमी नाहीत हो."

"मग पावती करा ना. तिच्या नावाने एकेक कागद जमवतोय मी. मुलीला दाखवायला, की फेडलं."

मी कागदावर कागद ठेवत राहिले. शेवटी म्हटलं, पावती पुस्तक संपलंय, सभेला या. त्यांनी पैसे पुन्हा पाकिटात घातले. पुस्तक माझ्या हाताखालीच होतं आणि त्यांनी ते पाहिलं.

सामान आणायला गेले नाही.

१५ मार्च

सभा झाली. जसं झालं तसं लिहिते.

पालकांनी वर्ग भरला होता, सगळे मुलांच्या बाकांवर गुडघे आवळून बसलेले. टायरवाल्यांनी नाव पुकारलं. मी उभी राहिले. टेबलाची कड घट्ट धरली.

म्हटलं, "शिल्लक जुळत नाही."

कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, मी घाबरून शब्द चुकवला. मी पुन्हा म्हटलं. म्हटलं, ऑक्टोबरमध्येही जुळत नव्हती. मी माझ्या पैशाने सामान आणून ठेवलं आणि जुळते म्हणून सांगितलं. चिठ्ठ्या येत नाहीत आणि सामान वर्गात वापरलं जातं. कुणी चोरत नाही. माझ्या आधीच्या बाईही हेच करत असणार. त्या मोजणीच्या आधी गेल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. अहवालातलं ते वाक्य काढा, नाहीतर मी सही करणार नाही.

खिडकीजवळच्या एक बाई, चांगल्या कपड्यांतल्या, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पण हात स्वच्छ असले तर स्वतःहून कोण भरतं हो?"

"बिलं आहेत का?" मागून एकाने विचारलं.

"नाहीत."

"वा! बिलं मागणाऱ्या खजिनदारांकडेच बिलं नाहीत."

आता सगळेच हसले. मी शिक्षकांच्या रांगेकडे पाहिलं. चित्रकलेचे सर बुटांकडे बघत होते. दुसरीच्या बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या अर्धवट उठल्या, "मी चिठ्ठ्या देत नाही हे खरं आहे," एवढं बोलल्या, आणि मोठ्या बाईंनी वळून पाहिल्यावर बसल्या.

टायरवाले म्हणाले, "ताई, तुम्ही आजारातून उठला आहात..."

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. मीटरवाले उभे होते. ते सभेशी बोलत नव्हतेच, माझ्याशीही नाही.

"मोजणीच्या आधी ती जास्तीची शिलाई घ्यायची," ते म्हणाले. "दरवर्षी. डोळे लाल होईपर्यंत. मी विचारायचो, एवढं शिवतेस तर पैसे जातात कुठे? माहेरी धाडतेस का? बोलायची नाही. मी दोन-दोन दिवस जेवायचो नाही तिच्या हातचं."

आणि ते खाली बसले, म्हणजे बसायचं म्हणून बाक शोधत राहिले. शेजारच्याने हात धरून बसवलं.

नंतर जे ठरायचं ते ठरलं. ते वाक्य अहवालातून काढलं नाही, 'चौकशीअंती' असा शब्द पुढे जोडला. चौकशी दोघींची होणार, त्यांची आणि माझी. खोली उद्या दुपारी टायरवाले ताब्यात घेणार. अहवालावर सही टायरवाल्यांनीच केली. बोर्डावरून माझं नाव आजच काढलं, शिपायाला घाई होती.

घरी आले. मुंगीच्या वेणीत गाठ बसली होती, ती आई सोडवत बसली, बोटांनी चाचपत.

१६ मार्च

किल्ली द्यायला गेले, तर मीटरवाले जिन्याजवळ उभे होते. कामाची पिशवी नव्हती.

"ताई, ती खोली मी कधी पाहिली नाही. बाहेरूनच न्यायचो तिला."

मला नाही म्हणायचा अधिकार होता की हो म्हणायचा, ते माहीत नाही. कुलूप उघडलं आणि दिवा लावला. ते उंबऱ्यातच थांबले. आधी फळ्या पाहिल्या, मग एकेक अक्षर वाचू लागले. 'हा खोका ओढू नये' इथे त्यांचे ओठ हलले. घरी कशालातरी त्या असंच म्हणत असतील.

"पैसे परत मिळवून देईन," मी म्हटलं. "मी अर्ज लिहिते. सप्टेंबरपासूनच्या पावत्या माझ्याच हातच्या आहेत."

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. खुर्चीवर उशी होती. ती त्यांनी उचलली नाही, फक्त समोरचा कागदाचा गठ्ठा सरकवून जागा केली आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. वरच्या वर्गात पाढे चालले होते. आत ते बोलू लागले, हळू, अडखळत, मधे थांबत. उत्तराला वेळ द्यावा तसे थांबत होते.

टायरवाले फाटकातून येताना दिसले. मी किल्ली मुठीत धरून त्यांना सामोरी गेले, म्हटलं, "जरा थांबा. आत खजिनदार आहेत."